जुन्या लॉनमोवर इंजिनांसाठी घरी बनवायची हत्यारं : पुलर, स्प्रिंग क्लॅम्प, रिंग पट्टा आणि बाकीची

लोहकानस

गवत कापायच्या यंत्रांची जुनी साइड व्हॉल्व्ह इंजिनं (व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात नसून सिलिंडरच्या बाजूला असलेली) साधी असतात, पण दुरुस्ती हत्याराशी येऊन अडते. खास हत्यार हाताशी नसलं की फ्लायव्हीलच्या (क्रँकवर बसणाऱ्या जड चाकाच्या) पात्यांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घुसवला जातो, क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) टोकावर हातोडा पडतो आणि दुरुस्त होण्याजोगं इंजिन भंगारात जातं. ही हत्यारं पट्टी, पाइप, जुने प्लग आणि जी-क्लॅम्पमधून आरामात बनतात. अट एकच : मूळ हत्यार जिथे जोर देतं तिथेच आपल्या हत्याराचा जोर पडला पाहिजे. या इंजिनांत बहुतेक सगळं ॲल्युमिनियम आहे, चुकीच्या जागी दिलेला जोर ते सहन करत नाही.

धागा साधारण ३ ते ५ अश्वशक्तीच्या, उभ्या क्रँकच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आणि टेकमसे इंजिनांपुरता ठेवू. सुरुवात पुलरपासून, म्हणजे फ्लायव्हील क्रँकवरून ओढून काढायच्या हत्यारापासून करतो.

ब्रिग्जच्या बऱ्याच फ्लायव्हीलवर मधल्या नटाच्या दोन बाजूंना दोन भोकं असतात. त्यांत आटे नसतील तर १/४-२० चा (पाव इंच व्यास, इंचाला २० आटे) टॅप फिरवून पाडायचे. इथे एम-६ चा बोल्ट वापरू नका. तो हाताने दोन-तीन आटे आत जातो, बसल्यासारखा वाटतो, पण त्याच्या आट्यांतलं अंतर १ मिमी आणि १/४-२० चं १.२७ मिमी. ताण आला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतात.

पट्टी १० मिमी जाड, ४० मिमी रुंद, ८० ते ९० मिमी लांब. ५-६ मिमीची पट्टी वाकते, ती वाकली की बोल्ट तिरके होतात आणि पुन्हा आटेच जातात. फ्लायव्हीलवर कागद ठेवून भोकांच्या कडांवर पेन्सिल घासली की अंतराचा अचूक साचा मिळतो. त्यावरून ७ मिमीची दोन भोकं पाडा. दोन बोल्ट ७५ मिमीचे, पूर्ण आट्यांचे, प्रत्येकावर एक नट आणि एक जाड वायसर.

वापरताना :
१. फ्लायव्हीलचा नट सोडवून क्रँकच्या टोकाच्या किंचित वर येईल इतकाच ठेवा. पट्टी नटावर टेकली पाहिजे, म्हणजे क्रँकचे आटे वाचतात.
२. बोल्ट फ्लायव्हीलमध्ये १० ते १२ मिमी फिरवा. जास्त नको, आरपार गेला तर खालच्या कॉइलला (ठिणगीची वीज देणाऱ्या गुंडाळीला) किंवा पॉइंटच्या (तिचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांच्या) झाकणाला टेकतो.
३. पट्टीवरचे नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा.
४. ताण भरपूर आला की पट्टीच्या मध्यावर छोट्या हातोडीने हलका ठोका. "टक्" आवाज होऊन टेपर (क्रँकचा निमुळता भाग, ज्यावर फ्लायव्हील घट्ट बसतं) सुटतो.

नाही सुटला तर जोर वाढवू नका. टेपरवर गंज सोडवणारं तेल टाकून ताण तसाच ठेवा आणि रात्रभर सोडा. कामाला हात घालण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला बांधणं हे प्रत्येक वेळी, न चुकता.

आटेपाटे

चांगला धागा. एक भर : सगळ्याच फ्लायव्हीलवर नट नसतो. दोरीच्या स्टार्टरच्या जुन्या ब्रिग्जवर स्टार्टर क्लच हाच नटाचं काम करतो. त्याला बाहेरून चार कान असतात. कानावर छिन्नी ठेवून ठोकला तर कान तुटतो किंवा क्लचचं घर चेपतं. मग आतले गोळे अडकतात आणि दोरी ओढल्यावर क्लच कधी पकडतो, कधी सुटतो.

याचा पाना पाइपातून बनतो. क्लचच्या बाहेरच्या व्यासावर सैलसर बसेल असा ३ मिमी भिंतीचा पाइप, लांबी ७०-८० मिमी. एका टोकाला कानांच्या मापाचे चार गाळे हॅकसॉने कापून कानशीने साफ करायचे. गाळा कानापेक्षा अर्धा मिमीच मोठा हवा. सैल ठेवला तर पाना कानाच्या टोकावर चढतो. दुसऱ्या टोकाला मोठा नट वेल्ड केला की साधा पाना किंवा सॉकेट लागतं.

आटे बहुतेक वेळा उजवेच असतात, पण फार जुन्या इंजिनांवर डावे आटेही सापडतात. आधी आट्यांचा कल बघा, मग जोर लावा.

क्लच काढल्यावर पुलर लावताना पट्टी थेट क्रँकच्या उघड्या टोकावर येते. मध्ये पितळेचा जाड तुकडा ठेवा. त्या टोकावर क्लचचा रॅचेट फिरतो, तिथे ओरखडा किंवा फुगवटा आला तर रॅचेट अडकतो.

नवशिका_मेकॅनिक

नट सोडवताना फ्लायव्हील फिरतं, ते धरायचं कसं? प्लगच्या भोकातून दोरी आत सोडतात असं वाचलं आहे. ते सुरक्षित आहे का?

लोहकानस

दोन्ही पद्धती चालतात, माझी पसंती पट्ट्याला. ४०० ते ५०० मिमी लांबीचा लाकडी दांडा घ्या, जुना व्ही-बेल्ट कापून त्याचं एक टोक दांड्याला दोन बोल्टांनी पक्कं करा. पट्टा फ्लायव्हीलच्या घेराला गुंडाळून दुसरं टोक दांड्यावरच्या खाचेत अडकवायचं. दांडा ओढला की पट्टा आपोआप घट्ट होतो. घेर आणि पट्टा दोन्ही कोरडे हवेत, तेल असेल तर पट्टा घसरतो.

पिस्टनपुराण

दोरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर केलं तर व्हॉल्व्ह वाकतो.

६ मिमीची स्वच्छ नायलॉन दोरी, ४० ते ५० सेंमी आत, टोक बाहेर लोंबतं ठेवायचं. साइड व्हॉल्व्ह इंजिनात ज्वलनकक्ष पिस्टनच्या बाजूला व्हॉल्व्हच्या डोक्यावरही पसरलेला असतो. व्हॉल्व्ह उघडा असेल तर दोरी त्याच्याखाली जाते. म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाच दोरी घालायची.

आता दिशेचा मुद्दा. इंजिन वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतं. नट सोडवताना क्रँक उलटा फिरायला बघतो. म्हणून सोडवायचं असेल तर पिस्टन पॉवर स्ट्रोकमध्ये अर्धा खाली आलेला हवा, म्हणजे उलटं फिरवताना तो वर चढतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंदच राहतात. आवळायचं असेल तर कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्ये अर्धा वर गेलेला हवा.

स्ट्रोक ओळखायला प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हाताने सुलट दिशेने फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशन. तिथून पिस्टन सर्वांत वर जाऊन पुन्हा खाली येऊ लागला की पॉवर. दोरीच्या जागी बोल्ट, स्क्रू-ड्रायव्हर किंवा धातूचं काहीही घालू नका, पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

नट फारच जाम असेल तर मात्र पट्टाच वापरा. दोरीच्या पद्धतीत सगळा जोर पिस्टन आणि ॲल्युमिनियमच्या कनेक्टिंग रॉडवर येतो.

तेलवात

व्हॉल्व्ह स्प्रिंगचं हत्यार कुणी लिहिणार आहे का? सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

आटेपाटे

लिहितो. १०० मिमीचा जी-क्लॅम्प घ्या. त्याच्या स्थिर टोकावर ३ मिमी जाड, २० मिमी रुंद पट्टीचा काटा वेल्ड करा. काट्याची खाच ८ मिमी रुंद, २० मिमी खोल. या इंजिनांच्या व्हॉल्व्हची दांडी साधारण ६.३ मिमीची असते, त्यामुळे खाचेतून दांडी जाते आणि काट्याचे दोन दात रिटेनरच्या (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकतीच्या) कडांखाली बसतात. दातांच्या वरच्या कडा कानशीने गोल करा, नाहीतर रिटेनर चेपतो.

हेड उतरवलेलं, टॅपेटच्या (व्हॉल्व्हला खालून उचलणाऱ्या दांडीच्या) कप्प्याचं झाकण काढलेलं. क्रँक फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. काटा रिटेनरखाली, क्लॅम्पचा स्क्रू वरून व्हॉल्व्हच्या डोक्यावर, मध्ये लाकडाचा तुकडा. स्क्रू आवळला की व्हॉल्व्ह जागेवर राहतो आणि स्प्रिंग खालून वर दबते.

रिटेनर तीन प्रकारचे भेटतात. आरपार पिन असेल तर बारीक तोंडाच्या पक्कडीने पिन काढायची. दोन अर्ध्या चकत्या असतील तर त्या चुंबकाने उचलायच्या. किल्लीच्या भोकासारखी खाच असलेला एकसंध रिटेनर असेल तर दाबून बाजूला सरकवायचा, मोठं भोक दांडीसमोर आलं की तो खाली सुटतो. या तिसऱ्या प्रकारासाठीच खाच ८ मिमीची ठेवली आहे. ६.५ मिमीची ठेवली तर सरकवायला जागाच उरत नाही.

टॅपेटच्या कप्प्यातून क्रँककेसमध्ये तेल उतरायचं एक भोक असतं. आधी त्यात चिंधी कोंबा. पिन किंवा चकती तिथून आत पडली तर ऑइल पॅन उतरवण्याशिवाय मार्ग नाही. परत बसवताना चकत्या ग्रीसने दांडीला चिकटवून ठेवा. काही मॉडेलमध्ये इनलेट आणि एक्झॉस्टच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, काढल्याबरोबर खुणा करून ठेवा.

पिस्टनपुराण

स्प्रिंग निघाली की पुढचा प्रश्न टॅपेटच्या गॅपचा, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधल्या फटीचा. या इंजिनांत गॅप जुळवायला स्क्रू नसतो. व्हॉल्व्ह घासून सीटमध्ये बसवला की तो थोडा खाली जातो आणि गॅप कमी होतो. मग दांडीचं टोक घासावं लागतं. हातात धरून घासलं तर टोक तिरकं होतं, टॅपेट एका कडेवर आपटतो आणि थोड्याच दिवसांत गॅप पुन्हा बदलतो.

त्यासाठी ठोकळा : ४० मिमी जाड कठीण लाकूड किंवा ॲल्युमिनियम, त्यात स्टँडच्या ड्रिलने, अगदी काटकोनात, ६.४ मिमीचं भोक. व्हॉल्व्हची दांडी त्यातून घालून टोक जेमतेम बाहेर काढायचं आणि तेल-दगडावर ठोकळ्यासकट फिरवायचं. चार-पाच फेऱ्यांनंतर माप घ्या. जास्त घासलं तर परत येण्याची वाट नाही, नवीन व्हॉल्व्हच घालावा लागतो.

बऱ्याच छोट्या ब्रिग्जचं माप इनलेटला ०.१३ ते ०.१८ मिमी, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२८ मिमी. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, मॅन्युअल बघाच. गॅप मोजताना पिस्टन सर्वांत वर आल्यानंतर पॉवर स्ट्रोकमध्ये ६ मिमी खाली आणा. अगदी वरच्या बिंदूवर मोजलं तर कॅमवरचा कॉम्प्रेशन कमी करणारा उंचवटा व्हॉल्व्हला किंचित उचलून धरतो आणि माप खोटं येतं. हेड निघालेलं असतंच, व्हर्नियरच्या मागच्या दांडीने ६ मिमी सरळ मोजता येतात.

सीटची घासलेली पट्टी १.२ ते १.६ मिमी रुंद हवी. व्हॉल्व्हच्या कडेची जाडी ०.४ मिमीपेक्षा कमी उरली असेल तर तो व्हॉल्व्ह टाकून द्या, पातळ कड लाल होऊन जळते.

तेलवात

फार उपयोगी. रिंग दाबायला मी पत्र्याचा पट्टा सुचवतो. तेलाच्या डब्याचा ०.३ ते ०.४ मिमीचा पत्रा, ४५ मिमी रुंद. ६५ मिमी बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा) घेर २०४ मिमी होतो, वर ४० मिमी चढ धरून २४५ मिमी लांब कापा. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा आणि बाहेरून दोन होज क्लिप.

पिस्टन, रिंग, सिलिंडर आणि पत्र्याची आतली बाजू, सगळीकडे इंजिन ऑइल. रिंगांची तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर. क्लिप पूर्ण आवळून पाव फेरा ढिली करा, म्हणजे पिस्टन पत्र्यातून सरकतो. पत्रा सिलिंडरच्या तोंडाला सगळीकडून टेकलेला हवा. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने हळूहळू ढकला. मध्येच अडलं तर थांबा. रिंग पत्रा आणि सिलिंडरच्या फटीत उडालेली असते, ठोकलं तर रिंग तुटते आणि पिस्टनची खाचही फुटते. बाहेर काढून नव्याने सुरू करा.

नवशिका_मेकॅनिक

हेडचे बोल्ट किती आवळायचे? टॉर्क पाना नाही. अंदाजाने चालेल का?

लोहकानस

हेडला अंदाज नको. ॲल्युमिनियममधले आटे सुटतात किंवा पॅकिंग एका बाजूने फुंकतं. टॉर्क (बोल्ट फिरवण्याचा जोर) मोजणारा पाना घरी होतो, फक्त काटा बरोबर हवा. सामान तोलायचा हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

जुन्या सॉकेटला सपाट पट्टी वेल्ड करा आणि सॉकेटच्या मध्यापासून बरोबर ३०० मिमीवर हुकासाठी खाच करा. छोट्या ॲल्युमिनियम ब्रिग्जच्या हेड बोल्टचा टॉर्क १४० इंच-पौंड, म्हणजे १५.८ न्यूटन-मीटर. ३०० मिमीवर काटा ५.४ किलो दाखवेल तेव्हा तो होतो. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टला बऱ्याच मॉडेलमध्ये १०० इंच-पौंड, म्हणजे ११.३ न्यूटन-मीटर, काट्यावर ३.८ किलो. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, हिशोब हाच : न्यूटन-मीटरला ९.८१ ने भागा, मग मीटरमधल्या लांबीने भागा.

दोन गोष्टी बिघडतात. एक, ओढ पट्टीला काटकोनात नसणं. ७० अंशांत ओढलं तर टॉर्क ६ टक्के कमी पडतो. दुसरी सहज लक्षात येत नाही : उभ्या क्रँकच्या इंजिनात हेड बाजूला तोंड करून असतं, त्यामुळे पट्टी उभ्या पातळीत फिरते आणि तिचं स्वतःचं वजन टॉर्कमध्ये मिसळतं. इंजिन आडवं करून हेड वर आणा, मग वजनाचा प्रश्न संपतो. आडवं करण्याआधी तेल आणि पेट्रोल काढा.

आवळणी तीन टप्प्यांत, समोरासमोरचे बोल्ट घेत : १.८ किलो, ३.६ किलो, ५.४ किलो. एक बोल्ट एकदम पूर्ण आवळला तर हेड वाकतं.

ठिणगी

इग्निशनकडे वळू. स्पार्क तपासायला प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवणं पुरेसं नाही. उघड्या हवेत ०.७६ मिमीचा गॅप कमकुवत कॉइलही ओलांडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून बाहेर स्पार्क दिसतो आणि इंजिन मात्र चालू होत नाही.

लाकडाच्या किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर समोरासमोर दोन टोकदार एम-४ बोल्ट, टोकांमध्ये ४.२ मिमी अंतर. एकाला प्लगची वायर, दुसऱ्यापासून जाड वायर आणि क्लिप इंजिनच्या धातूला. फ्लायव्हील जोरात फिरवलं की ४.२ मिमी ओलांडणारी ठिणगी दिसली पाहिजे. हे साधन प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

जुन्या ब्रिग्जमध्ये पॉइंट फ्लायव्हीलखाली असतात. १९८२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, त्याआधीच्या इंजिनांवर पुलरची गरज मुख्यतः यासाठीच पडते. पॉइंटचा गॅप ०.५ मिमी. नेमके कधी उघडतात ते बघायला टॉर्चचा सेल आणि बल्ब पुरतो, पण कॉइलची वायर आधी सोडवा. प्राथमिक गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की पॉइंट उघडले तरी बल्ब कॉइलमधून पेटलेलाच राहतो आणि पॉइंट चिकटल्याचा समज होतो.

साफ करताना पॉलिश पेपर नको, त्याचे कण पॉइंटवर रुततात. ॲसिटोनमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी दोन पॉइंटमधून ओढा, शेवटी कोरडी पट्टी. पॉइंट पुन्हा पुन्हा तेलकट होत असतील तर प्लंजरचं (पॉइंट उघडणाऱ्या पिनेचं) भोक झिजलं आहे. प्लंजरची लांबीही मोजा, २२.१ मिमी किंवा कमी भरली तर बदला.

कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर काही छोट्या ब्रिग्जला ०.२५ ते ०.३५ मिमी, मॉडेलप्रमाणे फरक पडतो, मॅन्युअल बघा. स्टीलचा फिलर गेज चुंबकाला चिकटतो, म्हणून जाड कागदी कार्ड वापरतात. कार्ड आधी मायक्रोमीटरने मोजून घ्या, सगळी कार्डं सारखी नसतात. चुंबक कॉइलसमोर आणून कार्ड मध्ये घाला, स्क्रू ढिले करा, चुंबक कॉइलला स्वतःच ओढून घेतो, मग आवळा.

पिस्टनपुराण

जुन्या प्लगचा आणखी एक उपयोग, गळती तपासायचं साधन. बहुतेक प्लगचे आटे एम-१४, १.२५ चे. वरची दुमडलेली कड ग्राइंडरने उतरवली की चिनी माती बाहेर येते, खालचा वाकडा इलेक्ट्रोड कापून टाका. उरलेल्या धातूच्या कवचात हवेच्या पाइपचा जोड ब्रेझिंगने बसवा. ग्राइंडिंग करताना चष्मा घालाच, चिनी मातीचे तुकडे उडतात.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवून हवा सोडा आणि ऐका. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट) किंवा तेल भरायच्या नळीतून आली तर रिंग. हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पॅकिंग.

जोराचा हिशोब ध्यानात ठेवा : ६५ मिमी बोअरवर ५ बारची हवा पिस्टनला सुमारे १७० किलोने ढकलते. पिस्टन वरच्या बिंदूवरून जरा हलला की क्रँक झटक्याने फिरतो. पातं उतरवल्याशिवाय हे करू नका, हवा १.५ ते २ बारच ठेवा आणि क्रँक पट्ट्याने धरा.

आटेपाटे

कार्ब्युरेटरची छोटी हत्यारं राहिली. बाजारातला स्क्रू-ड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो, पितळी जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या स्क्रूच्या) खाचेतून वर चढतो आणि खाच उडते. त्याचं टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासून जेटच्या खाचेत घट्ट बसेल असं करा, रुंदी जेटच्या व्यासाहून किंचित कमी. जेट साफ करायला वायरीतला तांब्याचा एक पदर, स्टीलची तार भोक मोठं करते.

टेकमसेच्या कार्ब्युरेटरवर पातळ पत्र्याची गोल बुचं असतात. ती काढायला ५ मिमी सळईला धार लावून छोटी छिन्नी करा आणि बुचाच्या कडेजवळ तिरकी टोचा. सरळ मध्यात ठोकली तर खालची बारीक भोकं बाद होतात. नवीन बूच बसवायला त्याच्याच व्यासाचा सपाट तोंडाचा पंच, बूच सपाट होईपर्यंतच. खोलगट झालं तर कडेने हवा खेचतं.

दोरीच्या स्टार्टरची स्प्रिंग भरायला १९ मिमी चौकोनी लाकडी दांडा पुरतो, जुन्या ब्रिग्जच्या पुलीच्या मधल्या चौकोनी भोकात तो बसतो. स्प्रिंग घट्ट होईपर्यंत फिरवा, मग एक फेरा मागे या आणि पुलीचं भोक दोरीच्या छिद्रासमोर आणा. तो एक फेरा सोडला नाही तर दोरी पूर्ण ओढल्यावर स्प्रिंगचं टोक तुटतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

नवशिका_मेकॅनिक

पुलर बनवला, फ्लायव्हील निघालं, पॉइंट साफ झाले. पण जोडल्यावर दोरी हातातून मागे खेचली जाते आणि कार्ब्युरेटरमधून फटका येतो. स्पार्क ४.२ मिमी ओलांडतोय.

ठिणगी

फ्लायव्हीलची चावी (क्रँक आणि फ्लायव्हीलच्या खाचेत बसणारा छोटा तुकडा) बघा. ती मुद्दाम मऊ धातूची असते. एक मिमी सरकली तरी टायमिंग बदलतं आणि नेमकी हीच लक्षणं दिसतात. चावी काढून सपाट काचेवर ठेवा, बाजूला पायरी दिसली तर नवीन घाला. स्टीलची चावी कापून बसवू नका. पातं दगडावर आपटलं तर मऊ चावी तुटून क्रँकवरचा धक्का कमी करते.

लोहकानस

आणि नवीन चावी घालण्याआधी ती का सरकली ते शोधा. फ्लायव्हीलला धरून ठेवतो तो टेपर, चावी फक्त जागा दाखवते. क्रँकचा आणि फ्लायव्हीलचा टेपर पेट्रोलने पुसून कोरडा करा, तेलाचा थेंबही नको. मग नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. छोट्या ॲल्युमिनियम ब्रिग्जवर तो बहुतेक ५५ फूट-पौंड, म्हणजे ७५ न्यूटन-मीटर. ५०० मिमीच्या पट्टीवर काटा १५.३ किलो दाखवेपर्यंत, फ्लायव्हील पट्ट्याने धरून. नट कमी आवळलेला असेल तर पहिल्याच उलट्या फटक्यात नवी चावीही कापली जाईल.